दाढीवाला साप

मी ड्रॉइंग टीचर. कुणी असले चमत्कारिक अनुभव सांगू लागलं की मी उठून चहा ठेवायला जायचे. आज स्वतःच लिहायला बसलेय...

२००४-०५ च्या सुमाराची गोष्ट. दिंडोरीकडच्या एका वायनरीला सजावटीसाठी ग्रीक पद्धतीचे रांजण रंगवून हवे होते. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये लायब्ररीतलं पुस्तक समोर ठेवून मी चित्रं उतरवत होते. एका चित्रात पांढऱ्या ढिगावर चढणारा साप होता. ढीग म्हणजे थडगं, आणि सापाला चक्क दाढी! जुने ग्रीक लोक तसेच साप काढायचे म्हणे.

तो रंगवून ब्रश धुतेय, तोच ताईचा फोन. "पूर्वाला नाशकात ॲडमिट केलंय. लवकर ये गं..."

पूर्वा माझी भाची, सहा वर्षांची. ताईचं घर दिंडोरीजवळ, द्राक्षबागेत. पहाटेपासून पोरीच्या पोटात कळा. डॉक्टर म्हणत होते, फूड पॉयझनिंग. मी पोचले तेव्हा सलाईन चालू होतं, पण पापण्या मिटत चाललेल्या, जीभ जड... ताई पदर तोंडात कोंबून रडत होती.

मी वाकले, तर पूर्वा पुटपुटली, "मावशी, साप... त्याला दाढीये."

"कुठाय बाळा?"

"पांढऱ्या ढिगावर चढतोय."

रांजणावरचा रंग अजून ओला होता. ते पुस्तक, ते चित्र आमच्यात माझ्याशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं!

मी डॉक्टरांमागे धावले. "हिला साप चावलाय!"

"अंगावर कुठेच खूण नाहीये हो."

"परत बघा ना! पाया पडते तुमच्या..."

भाऊजी ओरडले, "अगं, पोरगी ग्लानीत बडबडतेय!"

मी डॉक्टरांचा कोट सोडला नाही. शेवटी ते आले, तिच्या पापण्या उचलून बघितल्या आणि म्हणाले, "मण्यार असू शकते. तिची खूण दिसत नाही कधीकधी."

इंजेक्शनं सुरू झाली. तरी श्वास मंदावला, मशीनवर ठेवावं लागलं. मी कॉरिडॉरमध्ये बसून होते — डोळ्यांसमोर तो पांढरा ढीग. तो कशाचा, हे ताईला सांगायची हिंमत झाली नाही. अजूनही नाही.

पूर्वा वाचली. भाऊजींनी घरी जाऊन गाद्या उचलल्या, तर खाली मण्यार निघाली. साधी, बिनदाढीची. पूर्वाला यातलं काहीच आठवत नाही.

डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "खूण नव्हती, साप कुणी पाहिला नव्हता. मग पोरीच्या बडबडीवर तुमचा एवढा विश्वास कसा बसला?"

मी त्यांना कॅन्टीनच्या चहाचं विचारलं. आजही कुणी विचारलं, तर मी उठून चहा ठेवायला जाते.