शेवटच्या दारची भिक्षा

सर्वस्व सोडायला निघालेला आणि तरी इतकी वर्षे घरीच राहिलेला असा माझ्या मामेभावासारखा दुसरा विरक्त वाशीमच्या मुलखात झाला नाही. तरुणपणी तो सारनाथला जाऊन आला आणि आपल्या गावी, अनसिंगला, परतला तो 'सगळं अनित्य आहे' एवढे एकच ज्ञान घेऊन. ते तो कोठेही वाटी. शेजाऱ्याच्या मुलीच्या लग्नात मांडवाची तारीफ चालली असता त्याने वरपित्याला शांतपणे सांगितले, "हेबी राह्यत नाही." वरपिता ताटावरून उठला; मोठ्या मिनतवारीने बसवावा लागला. 'माझे' हा शब्द त्याने टाकला होता. त्याबरोबर 'तुझे' हाही टाकल्यामुळे माझ्या छत्र्या टिकत नसत. जाब विचारला तर म्हणे, "छत्री कधी कोनाची राह्यली, दादा?"

दर पौर्णिमेला पिवळे वस्त्र पांघरून तो गावात भिक्षेला निघे. घरची शेती बरी. लोक हसत, पण वाढत. शेवटचे दार स्वतःच्याच घराचे. तेथे त्याची आई, माझी मामी, भाकर घेऊन उभी असे. भाकर पात्रात पडली की तो विचारी, "माय, जाऊ का मी?" आईबापांच्या संमतीवाचून भिक्खू होता येत नाही, असे त्याला सारनाथला बजावले होते. वडील हयात नव्हते; सारा अधिकार मामीकडे आला होता. तिने कधी नकार दिला नाही. "जाजो, बाबू. कपाशी वेचून होऊ दे." मग तूर, मग पोळा. एकदा त्यानेच प्रवासाची घोंगडी फाटल्याची तक्रार केली. मामी म्हणाली, "संसार सोडून राह्यला, अन् घोंगडी मायनं शिवून द्यावी काय?" मग तिनेच ती शिवायला घेतली आणि ते काम वर्षभर पुरवले.

शेवटच्या दुखण्यात मात्र तिने शिवलेली घोंगडी त्याच्या हाती दिली. "आता खुशाल जाय, बाबू."

मामीचा तेरावा झाल्यावर मी त्याच्यासाठी सारनाथच्या गाडीची वेळ विचारून आलो. तो म्हणाला, "तिनं सोडलं मले, दादा. माह्याच्यानं ती सुटून नाही राह्यली."

पुढच्या पौर्णिमेला तो गावभर फिरला आणि अखेर आपल्याच बंद दारापुढे पात्र घेऊन उभा राहिला. मामी गेल्यापासून तेथेच राहिलेला मी आत होतो. टोपलीतली भाकर घेतली, दार उघडले, वाढली. सवयीने त्याने विचारले, "जाऊ का मी?"

"कपाशी वेचून होऊ दे," मी म्हणालो.

त्याने मान हलवली आणि तो आत आला. चैत्र चालू होता. शेतात कपाशी नव्हती.