मागच्या सीटवरचं बोट

गॅरेजात दोन गोष्टी आपोआप साचतात. मागच्या भिंतीला जुने टायर आणि पुढच्या बाकड्यावर किस्से. टायर निदान भंगारवाला उचलून नेतो. किश्शांना कोणी गिऱ्हाईक नाही, ते आपले वाढतच जातात! परवा गॅसच्या पंपावर रांगेत उभा असताना मी एक सांगायला घेतला, तर मागच्या दोघांनी स्वतःचा नंबर सोडला, पण गोष्ट सोडली नाही. म्हटलं, एकदा लिहूनच टाकू.

आमचं गॅरेज परभणीत, जिंतूर रोडला. काम एकच, पेट्रोलच्या गाडीला एलपीजी किट बसवायचं. गॅरेज सत्तारचाचांचं, आता निम्मं माझं. मी बालाजी. गाड्यांतलं जे काही येतं ते सगळं चाचांनी शिकवलेलं, आणि हे मी कुठंही छाती काढून सांगतो.

चाचांची एक पद्धत आहे. गॅसची गाडी आधी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन तापलं की आपोआप गॅसवर जाते. जाताना बारीकसा झटका बसतो. तो बसू नये, हीच आमच्या कामाची कसोटी. म्हणून गाडी द्यायच्या आधी चाचा मागच्या सीटवर डोळे मिटून बसतात आणि मी चालवतो. झटका कळला की चाचांचं बोट वर. बोट वर गेलं की गाडी परत गॅरेजात! मग गिऱ्हाईक कोणी का असेना.

त्या मागच्या सीटवर एकदा तरी आपण बसावं, ही माझी पंधरा वर्षांची हाव. बोलून कधी दाखवली नाही. उस्तादाची जागा मागून मिळत नसते.

*

एका गुरुजींच्या मुलीचा साखरपुडा होता. गाडी त्याच दिवशी हवी म्हणून ते सकाळपासून बाकड्यावर ठाण मांडून बसले होते. ट्रायलला तेही आले. चौकातून बाहेर पडलो आणि चाचांचं बोट वर!

गुरुजी कळवळून म्हणाले, "अहो, मला तर काईच कळलं न्हाई!"

चाचा म्हणाले, "तुमाला कळायसाठी म्या बसलो न्हवतो, गुरुजी. गाडीला कळलं!"

गुरुजी ऑटोनं साखरपुड्याला गेले. पुढच्या वर्षी तेच गुरुजी जावयाची गाडी घेऊन आले. ट्रायलला जावई मागं वळून काहीतरी विचारायला लागला, तर गुरुजींनी त्याला दटावलं, "गप बसा! चाचांनी डोळे मिटले की खोकायचं बी न्हाई!"

*

गॅसचा प्रत्येक जोड आम्ही साबणाच्या फेसानं तपासतो. गळती असली की तिथं बुडबुडा येतो. चाचा त्यासाठी दाढीचा ब्रश वापरतात, दुसरा कुठलाच नाही.

बोरीची एक म्हातारी नातवासोबत आली होती. बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "का हो, गाडीची दाढी करायलाव व्हय?"

चाचांनी मान वर न करता सांगितलं, "हौ अम्मा. लग्नाला जायचंय तिला!"

*

एक पाहुणा डिकीत घरचं लाल सिलिंडर घालून आला. वरून घोंगडं पांघरलेलं. म्हणे, हेच जोडून द्या, पंपावर जायची कटकट नको.

चाचा तसे शांत, पण अशा वेळी त्यांचा पारा चढतो. त्यांनी गाडीची चारी दारं उघडायला लावली, सिलिंडर बाहेर काढायला लावलं आणि विचारलं, "गाडी चालवायची का हिच्यावर भाकरी भाजायच्या?"

माणूस चिडून गेला. जाऊ दे. आमच्या हातून गेलेल्या एकाही गाडीला आजवर आग लागलेली नाही.

*

आता मुख्य गोष्टीवर येतो. वालूरचे प्रकाशराव, कापूस आणि हळद पिकवणारा माणूस, पण गाडीत बसला की पायात वारं. त्यांनी पुण्याहून जुनी लाल टर्बो गाडी आणली. टर्बो म्हणजे काय, तर धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा कोंबतो, म्हणून गाडी लहान असून बैलासारखी उसळते. आणि पेट्रोलही तसंच पिते! प्रकाशराव म्हणाले, "बालाजीराव, जोर हाच पायजे, पण गॅसवर!"

चाचांनी बोनेट उघडून बघितलं आणि लगेच लावलं. "न्हाई. पोट भरलेल्या माणसाला पुन्हा पंगतीत बसवायचं नसतं. फाटंल."

मी म्हणालो, "मी करतो." कसं म्हणालो कुणास ठाऊक! चाचांपुढं नाही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ.

चाचांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "कर. पन बोट वर गेलं तर किट काढायचं, आन् पुन्हा टर्बोचं नाव घ्यायचं न्हाई. कबूल?"

"आणि नाही गेलं तर?"

"तर पुढच्या गाडीपासून मागं तू बस."

मला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या गॅरेज लाइनीत बातमी. शेजारचा पंक्चरवाला रोज विचारायचा, "काय बालाजीराव, विमानाला कधी बसवायलाव गॅस?"

*

किट बसवलं आणि पहिल्या वेळी प्रकाशराव आणि मी दोघंच निघालो. गाडी गॅसवर गेली ती लोण्यासारखी. मी खुशीत पाय दाबला, पंखा शिट्टी मारायला लागला, आणि गाडी अशी धडपडली की प्रकाशरावांचं डोकं काचेला!

बोनेट उघडलं. गॅसचा दाब उतरवून तो इंजिनाला देणाऱ्या रेड्युसरला इंजिनाकडून एक बारीक नळी जाते. इंजिनात किती दाब आहे ते तिच्यातून रेड्युसरला कळतं, आणि तेवढा गॅस तो पाठवतो. ती नळी निघून लोंबत होती. पुन्हा बसवली. पुन्हा निघाली. तीनदा!

वीस वर्षांत मी त्या नळीला क्लिप लावलेली नाही. चाचांनीही नाही. साध्या गाडीचं इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनंच नळी चिकटून राहते. थुंकी लावायची आणि ढकलायची, आमच्या लाइनीत सगळ्यांचा हाच शिरस्ता! मी रेड्युसर बदलायच्या गोष्टी करायला लागलो.

प्रकाशराव कपाळ चोळत वाकले. "बालाजीराव, ही नळी आतून हवा ओढती का फेकती?"

"ओढते," मी म्हणालो. आणि तोंड उघडंच राहिलं. टर्बो ओढत नाही, फेकतो!

"मग कामून न्हाई निघायची? आमच्या ठिबकची नळी बी मोटर चालू केली की अशीच निसटती. पट्टी आवळल्याबिगर राहतच न्हाई!" असं म्हणून त्यांनी डिकीतून ठिबकच्या सामानाची पिशवी काढली आणि एक क्लिप माझ्या हातावर ठेवली.

वीस वर्षांचा मेकॅनिक मी, आणि मला शिकवलं हळदीच्या शेतकऱ्यानं. लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. ती ठिबकची क्लिप आजही त्या गाडीत आहे. बदलू म्हटलं तर प्रकाशराव बदलू देत नाहीत.

*

नळी टिकली, पण गॅसचं माप बसवायचं राहिलं. चालत्या गाडीत लॅपटॉपवर बघून ते बसवावं लागतं, आणि गाडी एकाच वेगात ठेवावी लागते. प्रकाशरावांचा पाय काही केल्या स्थिर राहीना. शेवटी घरी गेलो आणि सुनीताला, म्हणजे बायकोला, बोलावून आणलं. ती साठवर काटा ठेवते म्हणजे ठेवतेच.

चार दिवस आम्ही दोघं जिंतूर रोडनं वर-खाली. ती चालवते, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. झरीच्या चहावाल्याला शेवटी राहवलं नाही. "काय हो, वैनी गाडी चालवायलीत आन् तुमी मांडीवर टीव्ही बघायलाव व्हय?"

सुनीता म्हणाली, "बघू द्या भाऊ, परीक्षा त्यांचीच हाय. मी नुसती डायवर!"

नुसती ड्रायव्हर कसली! तिच्या पायाशिवाय ते माप जन्मात बसलं नसतं. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मग गॅरेजच्या पाटीवर माझं बी नाव लिवा." लिहिलंय! जाता-येता बघा.

*

परीक्षेच्या दिवशी सकाळी गाडी मुद्दाम थंड ठेवली होती. चाचा मागं बसले, टोपी सारखी केली, उजवा हात गुडघ्यावर ठेवला आणि डोळे मिटले. प्रकाशराव माझ्या शेजारी. खोकला नको म्हणून त्यांनी आधीच तोंडावर रुमाल धरला होता. समोरच्या काचेखाली एक छोटा दिवा असतो. पेट्रोलवर लाल, गॅसवर हिरवा. गाडी सुरू केली तेव्हा तो लाल होता.

माझा एक डोळा रस्त्यावर आणि एक आरशातल्या त्या बोटावर.

शहर सुटलं. इंजिन तापत आलं. उसाचा एक ट्रॅक्टर पुढं होता, मी पाय दाबला, पंख्याची शिट्टी वाजली आणि लाल गाडी भुर्रकन पुढं निघाली. बोट गुडघ्यावर. एक टेम्पो ओलांडला. बोट गुडघ्यावर. पुलाचा चढ आला. बोट तिथंच! प्रकाशरावांचा रुमाल एव्हाना दातांत गेला होता.

चाचांना झोप तर लागली नाही ना, अशी भीती वाटली. पण गुडघ्यावरचं बोट मधूनच इंजिनाच्या ठेक्यावर हलत होतं.

झरीच्या स्टँडवर भजी तळत होते. तो वास आत आला आणि चाचांनी वैतागून डोळे उघडले.

"बाला, झरी आली! इंजिन तापलं न्हाई का अजून? गॅसवर कवा टाकायलास? का टाकीत गॅस भरायलाच इसरलास?"

गाडी कडेला घेतली. चाचा पुढं वाकले आणि त्यांनी दिवा बघितला. हिरवा. त्यांनी प्रकाशरावांकडं बघितलं. प्रकाशरावांनी तोंडातला रुमाल काढला आणि मागं, पार परभणीच्या दिशेनं, हात केला.

चाचा दार उघडून खाली उतरले. गाडीला एक चक्कर मारली. बोनेटवर तळहात ठेवला. मग माझ्या बाजूला आले आणि माझं दार उघडलं.

"उतर."

मी उतरलो.

"बोरीपर्यंत म्या चालवतो. तू मागं बस." स्टिअरिंगवर बसून त्यांनी आरसा स्वतःच्या हिशेबानं वळवला आणि त्यात माझ्याकडं बघितलं.

"बघायलास काय? डोळे मीट!"