लातूरची जर्सी आणि अर्धी छागळ

या फोटोत लातूरची जर्सी घातलेला माणूस लातूरकडून एकदाही खेळला नाही.

शेजारी बनियनवर उभा आहे तो मी. जर्सी माझी होती.

तो खाजा. सायकल दुरुस्तीवाला, माझ्याच वजनगटातला, उभ्या जन्माचा दोस्त. काल दुपारी गेला.

लातूर जिल्हा नवाकोरा झाला होता तेव्हाची गोष्ट. त्याआधी आमची पोरं उस्मानाबादच्या नावानं खेळायची. आता पहिल्यांदा छातीवर 'लातूर' येणार होतं. आणि प्रत्येक वजनगटात जागा एकच.

आमच्या कोच सरांनी एकदा सगळ्यांना विचारलं, "बॉक्सिंग कशाला करता रे?"

कुणी म्हणालं पोलीस भरती. कुणी म्हणालं स्टेटचं मेडल.

मी म्हणालो, जर्सी. औशात आमचं किराणा दुकान. वडील येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमचं कार्टं लातूरला मारामारी शिकायलंय." मला त्यांचं तोंड बंद करायचं होतं.

खाजा म्हणाला, "सर, समोरचा फुल दमात पायजे. आन् उभा राहून हारला पायजे. मेलेल्याला काय मारायचं?"

आम्ही खो खो हसलो. सर नाही हसले.

सिलेक्शनच्या आदल्या दिवशी माझं वजन जास्त भरलं. मग आमचा नेहमीचा उपाय. पाणी बंद, अंगात स्वेटर, आणि उन्हात पळायचं.

सकाळी काट्यावर वजन बरोबर आलं. पाणी प्यायला धावलो तर मैदानावरचा नळ कोरडा, रांजण रिकामा. दुष्काळाचं वर्ष, मैदानावर टँकर आलाच नव्हता.

जीभ टाळूला चिकटलेली. आणि माझी बाउट खाजाशीच.

पाणी फक्त त्याच्याकडं होतं. कॅनव्हासची छागळ, त्याच्या अम्मीनं पहाटे गल्लीतल्या टँकरच्या रांगेत भांडून भरलेली.

त्यानं अर्धी संपवली आणि उरलेली माझ्यापुढं धरली.

"घे अप्पा. हळू पी, न्हाईतर ओकशील."

मागून एक जण ओरडला, "येडा हाय का रे? तुझी बाउट त्याच्यासंगच हाय!"

"हाव. म्हणूनच द्यायलोय."

मी प्यायलो. आणि रिंगमध्ये जीव तोडून खेळलो. त्यानंही काही कसर ठेवली नाही, माझा जबडा साक्षीला आहे.

पॉइंटवर मी जिंकलो. अगदी थोडक्यात.

हाताच्या पट्ट्या सोडत तो म्हणाला, "उभा राहूनच हारलो का न्हाई?"

मग मैदानाच्या भिंतीआड जाऊन पोटभर रडला. त्यालाही ती जर्सी हवीच होती.

वडिलांचं तोंड काही बंद झालं नाही. सगळं ऐकून म्हणाले, "पाणी त्यानं पाजलं, आन् तू त्यालाच हाणलास?"

जर्सी मिळाली तसा मी थेट खाजाच्या दुकानात गेलो. "घाल."

न्हाई न्हाई म्हणाला, शेवटी घातली. शेजारच्या स्टुडिओवाल्यानं फोटो काढला. नीट बघा, हात अंगापासून लांब धरलेत. बोटांना ग्रीस होतं म्हणून.

नंतर आयुष्यभर सगळ्यांना सांगत फिरला, "अर्धी जर्सी आपली हाय."

होतीच.

मागच्या आठवड्यात भेटायला गेलो. पाय सुजलेले. भाभी म्हणाल्या, "पडूनच राहू द्या त्यांना."

मी निघालो तसा हा खाट धरून उठला. दोन्ही मुठी हनुवटीपाशी आणल्या. हात थरथरत होते, गार्ड मात्र बरोबर.

"बघ अप्पा. उभा हाय."

मीही गार्ड घेतला. मला पुढचं काही दिसेना.

आज कब्रस्तानात माती देऊन आलो. घरी येऊन पेटीतली जर्सी काढली आणि ग्रीसचा एखादा डाग शोधत बसलो.

एकही नाही सापडला.

एखादं बोट तरी लावायचंस रे.

खुदा हाफिज, खाजा.
तुझा अप्पा