मधली गाळलेली वचनं

पाळकसाहेबांचा आठवडा रविवारी दुपारीच सुरू होई. चर्चमधली उपासना आटोपून घरी आले, बूट काढले, दोन घास पोटात गेले, की ते पलंगावर आडवे होत आणि छताकडे बघत म्हणत, "झालं एकदाचं." म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात येई, की झालं वगैरे काही नाही, पुढचा रविवार आ वासून उभा आहे. सुतारानं टेबल केलं तर ते वर्षानुवर्षं टिकतं. यांचा माल म्हणजे उपासनेतला संदेश, तो दुपारच्या जेवणापर्यंत विरून जाई आणि गिऱ्हाईक आठवडाभरात पुन्हा दारात.

कोणत्या रविवारी बायबलमधला कोणता शास्त्रपाठ वाचायचा, हे साहेबांच्या हातात नव्हतं. त्यासाठी वरून आलेला छापील तक्ता होता. दुसऱ्या एखाद्याला तो जाच वाटला असता. साहेबांना तो आडोसा वाटे. खोट्या वजनमापांचा पाठ आला आणि किराणावाल्याचं तोंड आंबट झालं, की साहेब हात वर करून मोकळे. "मी कुठे निवडतो हो? तक्त्यात आलं." पुढच्या बाकावर बसणाऱ्या एका बाईंची तर खात्रीच होती, की दर रविवारचा संदेश आपल्यालाच उद्देशून असतो. त्यांनाही हेच उत्तर. इतकी वर्षं कुणाशी वाकडं न येता नोकरी निभावली ती तक्त्याच्या जिवावर, असं पाळकीणबाई म्हणत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

संदेश तयार होई मागच्या खोलीत. खोली तशी बेताचीच. खिडकीतून शेजारच्यांची भिंत तेवढी दिसे. भिंतींना पुस्तकांची कपाटं, मधे टेबल, कोपऱ्यात एक मोडकी आरामखुर्ची, आणि दार कायम लोटलेलं. पूर्वी तिथे पाळकीणबाईंचं शिलाई मशीनही असे. त्याच्या खडखडाटानं साहेबांचा विचार तुटायचा, म्हणून ते आधी जेवणाच्या टेबलाशेजारी आणि मग गॅलरीत गेलं. बाई कुरकुरल्या, तेव्हा साहेब अगदी मनापासून म्हणाले होते, "अगं, ती खोली माझी थोडीच आहे? ती देवाची आहे." यावर काय बोलणार? देवाशी जागेवरून वाद घालण्याइतकी बाईंना उसंत नव्हती. त्या शाळेत गणित शिकवत.

कामाच्या बाबतीत मात्र साहेबांना नावं ठेवायला जागा नव्हती. सोमवारी ते पाठ तीनदा मोठ्यानं वाचत, नुसता डोळ्यांनी नाही, कारण कानाला जे खटकतं ते डोळा खपवून घेतो असं त्यांचं मत. मग जाडजूड टीकाग्रंथ उघडायचे. गीतं ठरवताना ऑर्गन वाजवणाऱ्या मास्तरांशी घासाघीस करायची, कारण मास्तरांना उंच पट्टीची चाल दिसली की त्यांचा खांदा दुखू लागे. लिहून झालं की बाईंच्या हाती द्यायचं. त्या गणिताचे पेपर तपासावेत तशा लाल पेनानं कापाकापी करत. "हे मागच्या वर्षी सांगितलंत." "हा दाखला काढा, कुणाला कळणार नाही." उरेल ते घेऊन साहेब शनिवारी पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहत आणि कपाटाला संदेश देत. कपाट हे त्यांच्या मंडळीतलं सर्वांत लक्ष देऊन ऐकणारं माणूस, असंही बाईच म्हणत.

अशा या नीटनेटक्या आयुष्यात ताईंचा फोन आला. ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून आई तिच्याकडेच होती. फटकन बोलणं हा ताईंचा स्वभाव, पण त्या दिवशी त्या थकून बोलत होत्या.

"माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. आईला आता तू घेऊन जा. चार दिवसांसाठी नाही, कायमचं. माझ्याच्यानं आता होत नाही रे."

"ताई, मी नाही कुठे म्हणतोय? पण घरात जागा..."

"तुझी मागची खोली आहे की."

"तिथे मी संदेश लिहितो. ते माझं खाजगी काम असतं तर आत्ता खोली रिकामी केली असती. चर्चच्या मंडळीचं काम आहे, देवाचं काम आहे."

मग ताई म्हणाल्या, "तुझ्या देवाला सांग, माझे गुडघे गेलेत," आणि त्यांनी फोन ठेवला.

साहेब काही दगड नव्हते. त्यांनी धावपळ केली. मिशननं चालवलेल्या वृद्धाश्रमात एक खाट मिळवली, खिडकीजवळची. तिथे सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होई आणि अधूनमधून संदेश द्यायला ते स्वतःच जात. आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली, "चालेल की. त्याला लिहायला शांतता लागते." तिनं इतक्या लगेच होकार दिला, की साहेबांना हायसं वाटलं. बाईंना वाटलं नाही. "मागची खोली आहे," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. साहेब आश्रमाचा अर्ज भरत राहिले आणि विषय तिथेच मिटला. ठरलं असं, की शनिवारी आईनं इकडे यायचं, रविवारी मुलाची उपासना ऐकायची आणि सोमवारी सकाळी आश्रमाची गाडी तिला न्यायला येईल.

त्याच रविवारी तक्त्यात हात धुण्याचा पाठ आला.

पाठ साहेबांच्या ओळखीचा होता. नियमांवर बोट ठेवणारे लोक प्रभूकडे तक्रार करतात, की तुझे शिष्य हात न धुता जेवतात. प्रभू सांगतो, की माणसाला विटाळतं ते बाहेरचं नव्हे, अंतःकरणातून निघणारं. सरळ, सोपा, आणि साबणाचा एक हमखास हशा मिळवून देणारा विनोद त्यात बसे. मधली काही वचनं तेवढी तक्त्यानं गाळली होती. का, ते तक्ता करणाऱ्यांनाच ठाऊक. बहुधा लांबी आवरायला. त्या वचनांत अशा लोकांची गोष्ट होती, की जे आईबापांना सांगतात, माझ्याकडून तुम्हाला जे मिळायचं ते मी आता देवाला वाहून टाकलंय. एवढं म्हटलं की ते सुटले. आणि प्रभूनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

सोमवारी तीनदा वाचायची शिस्त. त्या सोमवारी साहेबांनी दोनदाच वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्यांनी तक्त्याप्रमाणे मधलं सोडलं. मनात काहीतरी टोचलं हे त्यांना कळलं, आणि तक्त्यात नाही ते आपण का उकरायचं, हेही लगोलग कळलं. मग ते टीकाग्रंथात शिरले आणि जुन्या काळी हात कोपरापर्यंत धूत की मनगटापर्यंत, यावर त्यांनी पानभर मजकूर काढला. बाईंनी तो अख्खा कापला. मधल्या वचनांबद्दल त्यांनी विचारलं नाही. साहेबांना ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून थोडं वाईटही वाटलं.

चर्चमधल्या व्यासपीठावर मोठ्या टायपातलं जाड शास्त्र, म्हणजे बायबल, असे. वाचताना नजर चुकू नये म्हणून गाळायच्या वचनांवर साहेब कागदाची पट्टी ठेवत. या शनिवारी त्यांनी पट्टी जरा रुंदच कापली.

घरी परतले तेव्हा आई आली होती. बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या कडेला, पाहुण्यासारखी अंग चोरून बसली होती. बॅग दाराशी. "उघडून ठेवू का सामान?" असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, "कशाला? परवा पुन्हा भरायचं." मग मुलाकडे वळून, "तू जा हो आत. तुझं काम कर. माझं काही नाही." साहेब आत गेले आणि कपाटाला संदेश दिला. त्या दिवशी आवाज नेहमीपेक्षा हळू होता.

रविवारी चर्च भरलं होतं. आई पहिल्या बाकावर, बाईंच्या शेजारी. तिला आता अक्षर दिसत नसे, त्यामुळे पुस्तक मिटून मांडीवर. साहेबांनी शास्त्र उघडलं आणि वाचायला लागले. तक्रार करणारे आले, हातांचा विषय निघाला. पान संपत आलं तेव्हा त्यांना दिसलं, की पट्टी नाही. सकाळी झाडलोट करणाऱ्यानं कचरा समजून ती उचलली असणार.

खरं तर काही बिघडलं नव्हतं. पाठ त्यांना पाठ होता. कुठून कुठे उडी मारायची हे झोपेतही सांगता आलं असतं. श्वास घ्यायला ते थांबले आणि त्यांनी वर पाहिलं.

आईचे ओठ हलत होते. तिला तक्ता माहीत नव्हता. तिला सबंध अध्याय येत होता, लहानपणी पाठ केलेला. मुलगा थांबला तशी ती आपली सवयीनं पुढे गेली होती, त्या मधल्या वचनांत. मान किंचित वर, डोळे मिटलेले, वाचणारा मागून येतोच आहे अशा खात्रीनं.

तिला तिथे एकटीला सोडून साहेबांना पुढची उडी मारता आली नाही. त्यांनी वाचलं. आईबापांचं वाचलं, देवाला वाहून टाकण्याचं वाचलं, प्रभूचे कडक शब्दही वाचले. आवाज कापला नाही. आवाजाला सवय होती. मग त्यांनी हात धुण्यावर तयार केलेला संदेश सांगितला. साबणाच्या विनोदाला लोक हसले. मंडळीच्या खजिनदारांनी घड्याळ पाहिलं आणि संदेश वेळेत संपला म्हणून ते खूश दिसले. साहेबांना मात्र आपण काय बोललो यातला एक शब्द नंतर आठवेना.

उपासनेनंतर साहेब दाराशी उभे राहून सगळ्यांशी हात मिळवत. पुढच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "आज माझ्यावर काही नव्हतं हं," आणि थोड्या हिरमुसूनच गेल्या. शेवटी आई आली. तिनं मुलाचा हात दोन्ही हातांत धरला.

"ऐकलं हो मी," ती हळूच म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. ते तुला लागू नाही. लहानपणी तू तापानं फणफणला होतास, डॉक्टरांनी आशा सोडली होती, तेव्हा तुला मीच देवाला दिला. दिलेलं मी कशी मागेन?"

ही तापाची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. कुणाच्या कुठल्याही शंकेला साहेबांकडे उत्तर असे. तक्त्यात आलं, असं या वेळी म्हणता येईना, कारण तक्त्यात ते नव्हतंच.

त्या दुपारी ते आडवे झाले नाहीत. जेवणही पानात तसंच. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी पुस्तकं काढायला सुरुवात केली. आश्रमात एक फोन केला. बाई दारात येऊन पाहत राहिल्या, मग पदर खोचून टेबलाची दुसरी बाजू धरली. टेबल दारात अडकलं.

"तिरकं करा. तिरकं! साधी भूमिती आहे," त्या म्हणाल्या.

खडखडाट ऐकून आई भिंतीला धरत आली. तोवर आत पलंग लागला होता.

"हे काय चाललंय? घर हलवताय की काय?"

"ही तुझी खोली, आई. गाडी येणार नाही. मी नको म्हणून कळवलं."

"अरे, पण तू लिहिणार कुठे? देवाचं काम..."

"लिहीन स्वयंपाकघरात. आई, तू मला देवाला दिलंस, ते खरं. पण तुला बाजूला ठेव, असं देव कधी म्हणाला नाही. ते माझं मी म्हणालो."

आई चाचपडत आली, पलंगाच्या कडेवर बसली, गादीवरून हात फिरवत राहिली. मग एकाएकी तिचा चेहरा लहान मुलीसारखा वाकडा झाला.

"मला नव्हतं रे जायचं," ती म्हणाली.