व्हर्लाची अडलेली खोली

व्हर्ला आमंडसननं उभी हयात नॉर्थ डकोटातल्या गावोगावचे पियानो सुरात लावण्यात घालवली. शाळांचे, चर्चचे, कुणाच्या बैठकीत धूळ खात पडलेले. पुढे वरच्या पट्टीतले स्वर कानातून निसटायला लागले, तेव्हा तिनं हत्यारं पेटीत घातली, घर विकलं आणि जिच्यात चूल, न्हाणी, बिछाना सगळं आहे अशी एक लांबलचक मोटार घेतली. हिवाळा लागला की ती ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइटला येऊन मुक्काम टाकायची.

त्या गाडीला दोन सरकत्या खोल्या होत्या. मुक्कामाला पोचलं की बटण दाबायचं, मग टेबलाच्या खणासारख्या त्या भिंतीतून बाहेर सरकायच्या. निघताना पुन्हा आत. आत घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची सोयच नव्हती.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिला लास क्रूसेसला निघायचं होतं. तिथं राहणारी थोरली बहीण आयोना हिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. निजायची खोली गुमान आत आली. बैठकीची मात्र जागची हलेना. बटण दाबलं की गाडीच्या पोटाखालचा, तेलाच्या दाबानं खोल्या सरकवणारा पंप नुसता कण्हायचा.

शेजारच्या गाडीतला रस्क डिलेनी कॉफीचा मग घेऊन आला. कॅन्ससमध्ये ट्रॅक्टर दुरुस्त करत म्हातारा झालेला माणूस.

"बाई, दार धरून ढकलताय की काय? घर आहे ते, खेचर नव्हे."

"ढकलत नाहीये. ऐकतेय."

"काय म्हणतंय मग?"

"रुसलंय, एवढं कळलं. का, ते कळत नाही."

रस्कनं खालचं झाकण उघडून तेलाची टाकी पाहिली. एक खोली बाहेर असताना जेवढं असावं तेवढं तेल होतं. नळ्या कोरड्या होत्या, गळती कुठे नव्हती. बॅटरीही ठणठणीत. त्यानं डोकं खाजवलं. "पंप गेला असणार," तो म्हणाला. "नवा मागवायचा म्हणजे आठवडा गेला."

व्हर्लाला ते पटेना. पंप गेला असता तर निजायची खोली कशी आली असती? ती गाडीत गेली, निजायची खोली तिनं पुन्हा बाहेर काढली आणि आत घेतली. पंप एका सुरात गात राहिला, आणि खोली टेकली तसा सूर खाली घसरला, जड झाला. मग तिनं बैठकीचं बटण दाबलं. पंप सुरुवातीपासूनच त्या खालच्या, जड सुरात.

ती पायऱ्या उतरून घाईघाईनं बाहेर आली. "रस्क, त्याला वाटतंय खोली आत पोचलीय."

"कुणाला?"

"पंपाला. काम संपल्यावर जसा कण्हतो, तसाच हा सुरू होताक्षणी कण्हतो."

रस्कनं कॉफीचा मग गाडीच्या पायरीवर ठेवला. "म्हणजे जोर आहे, पण तेलाला वाट नाही," तो सावकाश म्हणाला. "व्हॉल्व्ह उघडत नाही. पुन्हा दाबा बरं."

प्रत्येक खोलीकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह होता, आणि वीज मिळाली की त्याचं लोहचुंबक व्हायचं. रस्कनं निजायच्या खोलीच्या व्हॉल्व्हला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावलं; व्हर्लानं बटण दाबताच ते चिकटलं. बैठकीच्या व्हॉल्व्हला लावलं, तर ढिम्म.

"वीजच येत नाहीये. वायर कुठून येते ते बघू."

व्हर्ला टॉर्च घेऊन जमिनीवर आडवी झाली. इतकी वर्षं या घरात राहून त्याचं पोट तिनं कधी पाहिलं नव्हतं. नळ्या, तारा, पट्ट्या. पियानोच्या आतल्यासारखंच दाट रान. "हे काय?" तिनं विचारलं. आतल्या कोपऱ्यात निवडुंगाचे काटेरी तुकडे, कुत्र्याच्या खाण्याच्या गोळ्या आणि कुणाच्या तरी चष्म्याची काच नीट रचून ठेवली होती.

"रानउंदीर," रस्क म्हणाला. "संसार थाटलाय बेट्यानं. ती बघा, वायर कुरतडलीय."

"काच कशाला लागते त्याला?"

"ते त्यालाच विचारा. आधी टॉर्च इकडे धरा."

तिनं तुटलेली टोकं सोलली, त्यानं ती जोडून वरून पट्टी गुंडाळली. हातमोजा घालून घरटं काढताना व्हर्लानं ती काच मात्र खिशात टाकली. मग दोघंही खोलीच्या वाटेतून बाजूला झाले आणि तिनं बटण दाबलं. पंप गायला लागला. भिंत थरथरली आणि सरळ आत आली.

"कान उत्तम आहेत की तुमचे," रस्क म्हणाला. "मग ते काम का सोडलंत?"

"वरचे सूर गेले."

"पंपाला वरचे सूर कुठे असतात?"

व्हर्लाला हसू आलं. तिनं त्याला उरलेला ॲपल पाय दिला आणि दुपारी निघाली. संध्याकाळ व्हायच्या आत वाटेवरच्या लॉर्ड्सबर्गला पोचणं काही जमलं नाही. वाटेतच एका मोकळ्या तळावर ती थांबली. तिथं बैठकीची खोली बाहेर काढायची काही गरज नव्हती. तरी तिनं काढली, लगेच आत घेतली, आणि मग भिंतीला कान लावून पुन्हा एकदा काढली.