रविवारचा खलबत्ता आणि निळ्या टोप्या

रविवारी मी खलबत्त्यात लसूण कुटत होते. जर्मनीत रविवारी आवाज चालत नाही. खालच्या आजोबांनी तक्रार केली आणि चहा उकळायच्या आत पोलीस दारात!

ते गेल्यावर चहाला आलेली बोस्नियाची शेजारीण हसू लागली. तिचं जर्मन बोलणं माझी सून मला मराठीत सांगत होती.

"आजी, युद्धात आमच्या गावात संयुक्त राष्ट्रांचे निळ्या टोप्यांचे सैनिक रक्षणाला होते. माझ्या नवऱ्याला ट्रकमध्ये कोंबून नेलं, तेव्हा बघत उभे राहिले. वरून हुकूम नव्हता म्हणे."

"आणि नेणारा?"

"त्याच्यावर आता म्हातारपणी इथे खटला चाललाय. पण त्याला सर्दी झाली, म्हणून तारीख पुढे गेली."

माणसं मारताना बरी सर्दी झाली नाही!

नवऱ्याला कुठे पुरलं, ते आता त्या खटल्यातल्या म्हाताऱ्यालाच ठाऊक. म्हणून ही बाई रोज त्याच्या तब्येतीसाठी दुआ मागते.