जूनमधला डेलिया

"ताई, पुष्पचक्र डेलियाचंच हवं. दुसरं काही चालणार नाही," खांडेकर काका फोनवर तिसऱ्यांदा म्हणाले. सकाळचे नऊ वाजले होते. अंत्ययात्रा चारला निघणार होती.

अरेरा कॉलोनीत माझं फुलांचं दुकान आहे. डेलिया हे थंडीचं फूल, आमच्याकडे मार्चला संपतं. आणि हा जून!

"काका, सीझन नाहीये."

"मला शिकवू नका, माहीत आहे!"

गेले ते त्यांचे मित्र बापट. दोघं एकाच कारखान्यात इंजिनिअर, आणि दर हिवाळ्यात पुष्पप्रदर्शनात एकमेकांसमोर उभे. "कप नेहमी त्याचाच. आज त्याला त्याचं फूल मिळू दे," म्हणताना काका रडायलाच लागले. मी हो म्हणून बसले. तिथेच चुकलं.

मंडईतला सलीमभाई हसला. "मैडम, दिसंबर में आइए." इंदूरवाल्याने फोटो पाठवला, तो झिनियाचा निघाला. बेंगळुरूवाला म्हणाला, आहे, पण उद्या. पुण्याच्या माणसाने विचारलं, कापडी चालेल का? एक वाजेपर्यंत माझ्यापुढे नुसती रिंग होती, म्हणजे पेंढा गुंडाळलेलं तारेचं कडं. त्यावर फुलं खोचतात. शेवंती खोचू, कापडी खोचू, की काकांना खरं सांगू? डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी आनंद नगरला बापटांच्या घरीच गेले.

बापट काकू सुजलेल्या डोळ्यांनी बघत राहिल्या. "जूनमध्ये डेलिया? कुणाचं खूळ हे?"

"खांडेकर काकांचं."

"तरीच त्यांना कप मिळत नव्हता." काकू हसल्या आणि हसता हसता रडल्या. "अगं, यांनी डेलिया कधी देवासाठीसुद्धा तोडू दिला नाही."

"मग काय लावू?"

"अंगणात मोगरा आहे, तो लाव."

मोगऱ्याचं चक्र वाहताना खांडेकर काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात काकूंनी त्यांना आत बोलावलं. खाटेखालून वाळूने भरलेली कुंडी ओढली. आत डेलियाचे कंद होते. उन्हाळाभर ते असेच वाळूत ठेवतात.

"भावजी, सप्टेंबरात लावा. आणि तोडू नका."

बाहेरून खांदा द्यायला हाक आली. कुंडी कुठे ठेवावी हे काकांना कळेना. ते दारातच तिला छातीशी धरून उभे राहिले. मी ती त्यांच्या हातातून घेतली, तेव्हा कुठे ते गेले.

आता चक्राची ऑर्डर आली की मी आधी विचारते, घरच्यांशी बोललात का? निम्मी धावपळ वाचते.